बुलेटचे चिमटा बुश : काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

बुलेटच्या चिमट्यात (मागचं चाक धरून वरखाली होणारा दुहेरी दांडा) मी रबरी बुश, म्हणजे त्याच्या सांध्यातल्या नळ्या, बसवले, त्या मागच्या पोस्टवर तुम्ही लिहिलंत, 'सोन्यासारख्या गाडीत रबर कोंबलंस बाळा, ते वर्षात फाटतं. गनमेटलचे बुश टाकले असतेस तर जन्माची कटकट मिटली असती. आणि अर्ध्या तासाच्या कामाला दोन दिवस? तसंही बुलेट मागून थोडी हलतेच, ती तिची चाल आहे.' शिवाय जुने बुश काढायला चिमटा गॅसवर तापवला म्हणून वेगळी कानउघाडणी. त्रेचाळिसाव्या वर्षी कुणी बाळा म्हणतंय, बरं वाटलं. पण थोडं भांडतो.

आधी ती 'चाल'. 1949 सालच्या बुलेटला मागे चिमटा आला, तेव्हा इंग्लंडमधल्या कितीतरी गाड्यांना मागे स्प्रिंगच नव्हती. चाक सरळ रेषेत ठेवून वरखाली होऊ द्यावं, एवढ्यासाठीच तो चिमटा. मेन स्टँडवर लावून त्याची टोकं धरून आडवी हलवली, तर माझ्या गाडीत चाकापाशी तीन मिलिमीटर प्ले (सैलपणा) होता. चिमटा ज्या पिनेवर फिरतो तिच्यापाशी जेमतेम एक असेल. चिमट्याच्या लांबीमुळे तो टोकाला वाढतो. वळणावर गाडी मागून पोहते ती यामुळे. हा आजार आहे, चाल नव्हे.

आता गनमेटल, म्हणजे कांस्याचा एक प्रकार. 2014 साली याच गाडीत मी तेच टाकले होते. लेथवाल्याने काम सुबक केलं होतं, आत बोट फिरवलं तर लोण्यासारखं. चूक माझी : ना ग्रीस निपल (ग्रीस भरायचं तोंड) लावून घेतला, ना बुशाच्या आत ग्रीससाठी खाच, ना कडेला सील. मागचं चाक चिखल उडवतं तो थेट तिथेच. दोन पावसाळे काढले आणि खंबाटकी घाटात गाडी पुन्हा पोहायला लागली. उघडून पाहतो तर बुश बऱ्यापैकी, पिनच खाल्ली गेलेली. नख फिरवलं की पायरी लागायची. वाळूचे कण मऊ गनमेटलमध्ये रुतून बसतात आणि पॉलिश पेपरसारखे पोलादाला घासत राहतात. तुमचे बुश टिकले असतील तर ते गनमेटलमुळे कमी आणि तुम्ही दर महिन्याला ग्रीसगन मारता त्यामुळे जास्त. माझ्याच्याने ते होत नाही, खरं सांगतो.

रबरी बुशात घासाघाशी नसतेच. बाहेरची नळी चिमट्यात घट्ट, आतली नळी नट आवळला की फ्रेममध्ये घट्ट, आणि चिमटा वरखाली होतो तो मधल्या रबराच्या पिळावर. त्याला ग्रीस लागत नाही. लावलंच तर रबर फुगून खराब होतं.

'वर्षात फाटतं' म्हणालात. फाटतं, पण बहुतेक वेळा आपणच फाडतो. गाडी मेन स्टँडवर, चाक लोंबकळतंय, आणि त्याच अवस्थेत नट करकचून आवळला. मग गाडी खाली घेऊन वर दोघं बसले की रबराला कायमचा पीळ, खड्ड्यात त्यावर आणखी पीळ. मी नट नुसता हाताने धरवला, गाडी जमिनीवर घेतली, मेहुण्याला (नव्वद किलो, बुलेटला शोभेसा) मागे आणि मुलाला पुढे बसवलं आणि मग पाना लावला. या सगळ्या कामात मला हीच गोष्ट महत्त्वाची वाटते, आणि अर्ध्या तासात उरकणारे हीच विसरतात.

दोन दिवसांतला एक तर जुने बुश काढण्यातच गेला. नवे आकसावेत म्हणून रात्रभर फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी ठेवले (बायकोचं मत इथे देत नाही) आणि आटेवाला रॉड, दोन नट आणि मापाचे सॉकेट लावून हळूहळू ओढून बसवले. हातोड्याने बुश तिरका जातो, बाहेरची नळी चेपते.

गॅसचं मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर. रबर जाळलं, घरभर घाण धूर झाला, रंग करपला आणि त्या जागी आता गंज धरलाय. त्याऐवजी रबरात ड्रिलने भोकं पाडून आतली नळी काढायची, मग हॅकसॉचं पातं आत घालून बाहेरच्या नळीला लांबीने चीर द्यायची. चिमट्याला पातं लागू न देता. नळी सैल होऊन निघते. पोस्टमधला गॅसचा परिच्छेद काढून तिथे हे टाकलंय.