प्लेटांखालचं गवत

बारक्या साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या गावाहून रविवारी परतला आणि मुंबईत घोडपदेवच्या कट्ट्यावर बसता बसताच म्हणाला, "आमच्याकडं सोलर येतंय. खाजगी रानाला हेक्टरी सव्वा लाख भाडं, वर्षाला. गायरानावरबी प्लेटा बसणार. जिथं हुलगा धड येत नव्हता तिथं वीज पिकंल."

अण्णा मस्जिद बंदरला माथाडी होते, गाव त्याच पट्ट्यातलं. त्यांनी एवढंच विचारलं, "आन् मेंढरं कुठं जायची?"

कट्ट्यावरचे मास्तर बारक्याच्या बाजूनं उतरले. त्यांनी सांगितलं: चीनच्या छिंगहाई प्रांतात, ३,००० मीटर उंचीवर, तालातान नावाचं उजाड पठार आहे. तिथं प्लेटा बसल्यावर वारा अडला, सावलीत ओल टिकली, प्लेटा धुतलेलं पाणी खाली मुरलं. गवत इतकं माजलं की ते प्लेटांच्या आड यायला लागलं. शेवटी आसपासच्या लोकांची मेंढरं आत चरायला सोडली.

"मग आपल्याकडं कुंपण घालून मेंढरं बाहेर का?" अण्णा म्हणाले. मास्तर गप्प झाले.

सहाराचा विषय मी काढला. २०१८ साली 'सायन्स' या विज्ञानाच्या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. अख्ख्या सहारावर पवनचक्क्या आणि प्लेटा बसवल्या तर हवा तापून वर चढेल, पाऊस वाढेल, हिरवळ येईल आणि तिच्यामुळं आणखी पाऊस पडेल, असं त्यातलं गणित. पण ते संगणकातलं. २०२१ च्या दुसऱ्या अभ्यासात सहाराचा पाचवा हिस्सा झाकला तर अॅमेझॉनच्या जंगलात दुष्काळ पडताना दिसला. एवढ्या लांबच्या पावसावर माणचा माळ कशाला टांगायचा?

"पण महाराष्ट्रात वाळवंट आहेच कुठं?" बारक्या म्हणाला.

आहे. वाळूचं नाही, मुरमाचं. इस्रोच्या २०१८-१९ च्या पाहणीत देशातली जवळजवळ ९.८ कोटी हेक्टर जमीन खराब झालेली निघाली, आणि त्यात राजस्थानखालोखाल क्षेत्र महाराष्ट्राचं. आपली माती मुख्यतः पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाते. जेसीबीनं माळ सपाट केला, तणनाशक मारलं, तर प्लेटांवरून पडणारं पाणी उरलेली मातीही नेईल. मग त्या विजेला हिरवी म्हणायला माझी जीभ वळत नाही.

अण्णांचं दुखणं अजून खोल होतं. "सोलरचा पंप आला की बिल नाही. बिल नाही तर मोटर बंद कोण करंल? बोर आटला की पुन्हा खोल. ऊन फुकट हाय, पाणी न्हाई."

हे मला शंभर टक्के पटतं. ऊर्जेनं पाणी उपसता येतं, तयार करता येत नाही. राजस्थानात सोलरसाठी खेजडीची झाडं तोडली म्हणून लोक आंदोलनाला बसले. त्याच राजस्थानात, जोधपूरच्या काझरी या कोरड्या प्रदेशाच्या शेतीवर संशोधन करणाऱ्या संस्थेत, प्लेटांच्या ओळींमध्ये मूग-मटकी घेतात आणि प्लेटांवरचं पावसाचं पाणी टाक्यात साठवतात. ऊन तेच, प्लेटाही तशाच.

बारक्यानं तिथूनच चुलत्याला फोन लावला. अण्णा शेजारून सांगत होते, तो पुढं बोलत होता: प्लेटा उंचावर, मेंढरू खालून जाईल एवढ्या. सपाटीकरण नको, उताराला आडवे चर काढा. औषध मारायचं नाही, गवत मेंढरांनी खायचं. गायरानाची वाट मोकळी. अन् हे सगळं ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या, तोंडी नको.

"ग्रामसभा कधी हाय?" अण्णांनी विचारलं.

"येत्या शुक्रवारी."

"मग गुरुवारच्या रात्रीच्या एसटीचं माझंबी तिकीट काढ."