रीटा हेवर्थला नाच स्टुडिओने शिकवला? अजिबात नाही

एक फॉरवर्ड परत फिरायला लागलाय. १९४० च्या दशकातली हॉलिवूडची मोठी नटी रीटा हेवर्थ म्हणे मेक्सिकोच्या सीमेवरच्या तिहुआना गावात, क्लबात नाचणारी गरीब मेक्सिकन पोरगी, हॉलिवूडच्या कुठल्यातरी साहेबाने तिला पाहिलं, स्टुडिओने नाच शिकवला, खोटं नाव चिकटवलं, आणि मोठी झाल्यावर तिने घरच्यांकडे ढुंकून बघितलं नाही. मला जुन्या म्युझिकल्सचं वेड आहे, हे वाचून गप्प बसवत नाही.

मेक्सिकन तर ती नव्हतीच. मार्गारिता कारमेन कान्सिनो, जन्म १९१८, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. वडील एदुआर्दो स्पेनमधल्या सेव्हिलजवळचे, आई व्होल्गा अमेरिकन, झिगफेल्ड फॉलीज या ब्रॉडवेवरच्या झगमगीत नाचगाण्याच्या शोमध्ये नाचणारी.

आता नाच शिकवल्याचं, ज्याचा मला खरा राग येतो. अहो, हे घराणंच नाचणाऱ्यांचं! आजोबा आंतोनिओंचा माद्रिदमधला नाचाचा क्लास नावाजलेला. एदुआर्दो आणि त्यांची बहीण एलिसा १९१३ मध्ये अमेरिकेत आले आणि डान्सिंग कान्सिनोज म्हणून व्हॉडव्हिलमध्ये, म्हणजे एका तिकिटात गाणं, नाच, जादू, नकला सगळं दाखवणाऱ्या थिएटरांत, त्यांनी नाव कमावलं. ६ ऑगस्ट १९२६ ला वॉर्नर ब्रदर्सने न्यूयॉर्कमध्ये व्हायटाफोन या फिल्मला आवाज जोडणाऱ्या यंत्रणेचा पहिला कार्यक्रम केला ना, त्यातल्या एका छोट्या फिल्ममध्ये ऑपेरा गायिका अ‍ॅना केस गातेय आणि सोबत कान्सिनो मंडळी नाचताहेत. रीटा तेव्हा सात वर्षांची. कार्नेगी हॉलच्या इमारतीत आंखेलकाका क्लास घ्यायचे, तिथे ती रोज शिकायला जायची, स्टुडिओ तिच्या आयुष्यात यायला अजून कितीतरी वर्षं होती. पुढे १९४१ आणि १९४२ मध्ये ती म्युझिकल्सचा नावाजलेला नाचणारा नट फ्रेड अस्टेअरबरोबर नाचली, ते दोन सिनेमे बघा, तिची पाठ आणि हात बघा, ते काय स्टुडिओने चार महिन्यांत बसवलेलं वाटतं का?

तिहुआनाचं अर्धं खरं आहे. मंदीत वडिलांचा धंदा बसला, मग त्यांनी बारा-तेरा वर्षांच्या पोरीला पार्टनर करून स्टेजवर उभं केलं. कॅलिफोर्नियाच्या क्लबांत एवढ्या लहान मुलीला काम करता येत नव्हतं म्हणून सीमेपलीकडे जाऊन नाचायचे. शाळा, खेळ, सगळं त्यात गेलं आणि याला कोणी गोड गोष्ट करू नये असं मला मनापासून वाटतं. फॉक्स स्टुडिओच्या विनफील्ड शीहानने तिला तिथेच पाहिलं हेही खरं, पण त्याने पाहिली ती तयार डान्सर.

नाव खोटं? कोलंबिया स्टुडिओचा मालक हॅरी कोनला कान्सिनो फार स्पॅनिश वाटायचं, म्हणून १९३७ मध्ये आईचं माहेरचं आडनाव घेतलं, स्पेलिंगमध्ये एक वाय वाढवला, बस. केस रंगवले, कपाळावरची केसांची रेषा इलेक्ट्रोलिसिसने, म्हणजे विजेने केसांची मुळं मारून, मागे नेली, हे मात्र केलं, आणि ते क्रूरच होतं.

राहिलं घरच्यांना विसरल्याचं. १९४८ चा द लव्हज ऑफ कारमेन हा सिनेमा तिच्या स्वतःच्या बेकवर्थ कंपनीने कोलंबियाबरोबर काढला. त्यातले स्पॅनिश नाच बसवायला वडील, फ्लॅमेंको नाचायला होसेकाका, आणि शिपायाच्या वेषात भाऊ व्हर्नन.