अठ्ठेचाळीस तासांत आंतरराष्ट्रीय

सर, कॅसची, म्हणजे पदोन्नतीची, फाईल तोंडावर आली आणि शोधनिबंधांचा रकाना कोरा? मग कृपा करून अभ्यासाला बसू नका. अभ्यासाने पेपर होतो, पण वेळेत होत नाही. त्यापेक्षा व्हॉट्सॲपवरचा तो रात्री साडेअकराचा निरोप उघडा: आंतरराष्ट्रीय, बहुभाषिक, आंतरविद्याशाखीय मासिक, तज्ज्ञपरीक्षित, पैसे भरल्यापासून ४८ तासांत प्रसिद्धी, प्रमाणपत्राची पीडीएफ मोफत, छापील अंक हवा तर कुरिअरचे वेगळे.

यातल्या ‘आंतरविद्याशाखीय’ला आधी हात जोडा. त्याच्याच पुण्याईने तुकोबांचे अभंग, सोयाबीनवरची खोडमाशी आणि जीएसटीचे परिणाम एका अनुक्रमणिकेत सुखाने नांदतात.

तज्ज्ञ परीक्षकाचा धसका घेऊ नका. माझ्या निबंधावर परीक्षण आलं होतं ते जपून ठेवलंय: ‘निबंध उत्तम. फक्त श्रीलिपी फॉन्टमध्ये करून पाठवा.’ आणि हे काही आपल्याकडचंच नाही. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकासाठी पत्रकार जॉन बोहॅनन यांनी एक बनावट निबंध रचला. दगडफुलाच्या जातकुळीतलं रसायन कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखतं, असा दावा आणि चुका मुद्दाम ढोबळ. ३०४ नियतकालिकांना पाठवला, १५७ जणांनी स्वीकारला. आपण गोड्या मसाल्यात उगाच वाया घालवतो दगडफूल.

नुसतं लेखक होऊन समाधान नसेल तर संपादक व्हा. पोलंडमधल्या काही संशोधकांनी ‘ॲना ओ. शुस्ट’ नावाची एक बाई कागदावर निर्माण केली. पोलिश भाषेत ‘ओशुस्ट’ म्हणजे लबाड. बाईंनी ३६० नियतकालिकांकडे संपादकपदासाठी अर्ज केले, ४८ ठिकाणी नेमणूक झाली. तुम्ही तर प्रत्यक्षात अस्तित्वात आहात, तुमचं पारडं जडच.

आता उचलेगिरी. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. हे दहा टक्के म्हणजे सवलत नसून कोटा आहे असं समजा. उरलेलं शब्द फिरवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घाला. २०२१मध्ये काही संशोधकांनी असे फिरवलेले शब्द हुडकून काढले, तेव्हा इंग्रजी निबंधांत स्तनाच्या कर्करोगाचं ‘छातीवरचं संकट’ आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची ‘बनावट जाणीव’ झालेली सापडली. साम्य मात्र शून्य! (सहलेखक म्हणून प्राचार्यांचं नाव घालायला विसरू नका. त्यांनी निबंध वाचलेला नाही, हे त्यांच्या सोयीचंच आहे.)

यादीची चिंता? २०१८मध्ये यूजीसीने एका झटक्यात ४,३०५ नियतकालिकं स्वतःच्याच मान्य यादीतून काढली, मग चांगल्या नियतकालिकांची ‘केअर’ यादी आणली आणि २०२५मध्ये तीही बंद केली. आता नियतकालिक चांगलं की वाईट, हे संस्थांनी आपापल्या पातळीवर ठरवायचं. म्हणजे तुमच्याच कॉलेजातल्या समितीने. समितीत कोण? ज्यांचे पेपर त्याच मासिकाच्या मागच्या अंकात आले, ते. विशेषांक होता, जाडजूड. दोघांनी मिळून टेबलावर ठेवला.

तरीही मन खात असेल तर मासिकाच्या संकेतस्थळावरचं ‘प्रकाशन नीतिमत्ता’ हे पान वाचा. इतकं कडक पान चांगल्या मासिकांतही सहसा दिसत नाही. मी एकदा मन लावून वाचलं. लेखकाची कर्तव्यं, परीक्षकाची कर्तव्यं, हितसंबंध, सगळं जिथल्या तिथे. वाङ्मयचौर्य अजिबात खपवून घेतलं जाणार नाही, हे ठळक अक्षरांत. फक्त तिसऱ्या ओळीत दुसऱ्याच एका परदेशी मासिकाचं नाव बदलायचं राहून गेलं होतं.

त्याच पानाच्या तळाशी पैसे भरायचा क्यूआर कोड आहे. स्कॅन केल्यावर खातेदार म्हणून कुठल्याशा झेरॉक्स सेंटरचं नाव आलं तर दचकू नका. फाईलचं स्पायरल बाइंडिंगही तिथेच होतं.