टर्बो, पंखा आणि रिकाम्या खुर्च्यांचे तास: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ऑफिसातल्या डेस्कटॉपची उष्णता आणि वीज कमी करण्यावर मी जे लिहिलं, त्यावर तुम्ही इतकी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: प्रोसेसरचा वेग कमी केला की तेच काम जास्त वेळ चालतं, मग वाचलं काय? मशीन तापत असेल तर मोठा पंखा लावावा. एसीच्या बिलापुढे कम्प्युटरचं बिल म्हणजे दर्यामें खसखस. सारखं चालू-बंद केल्यानं मशीन लवकर जातं. आणि शेवटी, स्लीप लावूनही तुमची काही मशीन झोपतच नाहीत.

पहिल्या मुद्द्यात तुमचं निम्मं बरोबर आहे, आणि त्यामुळे मला माझा सल्ला बदलावा लागला. नुसती फ्रिक्वेन्सी, म्हणजे वेग, उतरवली आणि व्होल्टेज तेच ठेवलं, तर एका कामाला प्रोसेसरमध्ये लागणारी ऊर्जा जवळपास तेवढीच राहते. उलट काम लांबल्यामुळे मदरबोर्ड, रॅम, डिस्क जास्त वेळ जागे राहतात आणि तोटाच होतो. पण टर्बोची, म्हणजे गरज पडली की प्रोसेसर मूळ वेगाच्या वर धावतो त्याची, गोष्ट वेगळी आहे. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही चढवावं लागतं, आणि प्रत्येक क्रियेची ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा व्होल्टेज १.० वरून १.३ वर गेलं. १.३ चा वर्ग १.६९. म्हणजे काम लवकर संपलं तरी त्याच कामाला सुमारे ७० टक्के जास्त ऊर्जा गेली, आणि ती सगळी उष्णता होऊन बाहेर पडली.

तरीही, विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के करून टर्बो सरसकट बंद करा, असं मी लिहिलं ते चुकलं. इंटेलचा आय५-१२४०० हा प्रोसेसर घ्या. त्याचा मूळ वेग २.५ गिगाहर्ट्झ आणि टर्बोत ४.४. मर्यादा ९९ वर आणली की तो २.५ ला अडकतो, आणि मोठी शीट उघडताना माणसाला ते जाणवतं. तुमच्या सहकाऱ्यांनी तक्रार केली ती रास्तच होती. त्यापेक्षा बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) सोय असेल तर वेगाला हात न लावता वॉटची मर्यादा बांधावी. याच प्रोसेसरची मूळ पॉवर ६५ वॉट आहे आणि टर्बोत तो ११७ पर्यंत जाऊ शकतो. वरची मर्यादाही ६५ केली, तर फाइल उघडणं, ब्राउझर, टायपिंग पूर्वीसारखंच चपळ राहतं, कारण एखाददुसऱ्या कोरच्या (प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागाच्या) कामाला एवढे वॉट लागतच नाहीत. चाप बसतो तो सगळे कोर बराच वेळ राबवणाऱ्या कामांना. मूळ लेखातला तो भाग मी दुरुस्त केला आहे.

पंख्याबद्दल मात्र मी सहमत नाही. पंखा उष्णता कमी करत नाही, ती चिपवरून उचलून खोलीत टाकतो. प्लगमधून ७० वॉट आत गेले की ७० वॉटची उष्णता खोलीत आली, मग पंखा लहान असो की मोठा. एसीचा मुद्दा इथेच येतो. मॉनिटरसकट ७० वॉट घेणारे पन्नास डेस्कटॉप धरा. झाले साडेतीन किलोवॉट. एसीचा एक टन म्हणजेही साधारण साडेतीन किलोवॉट. म्हणजे एक टनाचा एसी निव्वळ या कम्प्युटरांची उष्णता बाहेर काढण्यात गुंतला. तीन वॉट उष्णता उपसायला त्याला साधारण एक वॉट वीज लागते असं धरलं, तर कम्प्युटरवर वाचलेल्या प्रत्येक तीन वॉटमागे चौथा वॉट एसीच्या मीटरवर वाचतो. एसीचं बिल आणि कम्प्युटरचं बिल तुम्ही वेगळं धरता. मला तसं धरता येत नाही.

तरी पंख्याकडे लक्ष हवंच. मागे एक मशीन उघडलं होतं, सुरू केलं की घरघर करायचं. पंख्याचे चार स्क्रू काढून तो उचलला, तर खाली हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांवर धुळीचा नमद्यासारखा थर. चिमटीत धरून ओढला, तर अख्खा तुकडा एकसंध निघाला. पंखा जीव तोडून फिरत होता आणि हवा पुढे जातच नव्हती. पंख्याची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, शिवाय चिप तापली की तिच्यातून वाया गळणारी वीजही वाढते. त्यामुळे साफसफाईनं थोडे वॉट कमी होतात, पण थोडेच. खरा फायदा आवाजाचा आणि आयुष्याचा. (ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगानं फिरून बेअरिंग जातं.)

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. आठवड्यात १६८ तास असतात. ऑफिसचे ४० धरले, तर १२८ तास खुर्चीवर कोणी नसतं. मॉनिटर सोडून नुसता डबा ४५ वॉटवर रिकामा चालू राहिला, तर त्या तासांत पावणेसहा युनिट जातात. स्लीपमध्ये दोन वॉट धरले तर पाव युनिट. पन्नास मशीनवर आठवड्याचा फरक सुमारे २७५ युनिट. टर्बोवर आपण दोघांनी जेवढी चर्चा केली, त्यातून एवढं काही निघणार नाही.

चालू-बंद केल्यानं झीज होते, ही भीती जुन्या हार्ड डिस्कच्या काळातली आहे. तेव्हाही डिस्कवर पन्नास हजार वेळा सुरू-बंद होण्याची क्षमता दिलेली असायची. दिवसाला दहा वेळा, वर्षाचे अडीचशे दिवस धरले तरी वीस वर्षं झाली. एसएसडीत फिरणारं काही नाहीच. उलट एसएमपीएसमधले (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यातले) कपॅसिटर आणि पंख्याचं बेअरिंग झिजतात ते चालू तासांनी आणि तापण्यानं.

रात्रीच्या अपडेटसाठी मशीन चालू ठेवावं लागतं, हेही तुम्ही लिहिलंत. वेक ऑन लॅन बायोसमध्ये सुरू करा. मग अॅडमिन झोपलेलं मशीन नेटवर्कवरून उठवेल, काम झालं की ते परत झोपेल.

आणि न झोपणारी मशीन: त्यातल्या एकावर अॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा, पॉवरसीएफजी लिहून स्पेस, मग तिरकी रेघ आणि रिक्वेस्ट्स (powercfg /requests). मशीनला कोण जागं ठेवतंय, त्याचं नाव तिथे येतं. एखादा ऑडिओ ड्रायव्हर असेल किंवा ब्राउझरमध्ये उघडा राहिलेला व्हिडिओ. जे नाव दिसेल ते इथेच लिहा, त्यावर काय करायचं ते मी सांगतो.