विडाल पॉझिटिव्ह म्हणजे टायफॉइड? पावसाळी मेसेजचा समाचार

पावसाळा लागला की व्हॉट्सॲपवर टायफॉइडचा एक ठरलेला मेसेज फिरायला लागतो. त्यातला सल्ला थोडक्यात असा. ताप आला की दुसऱ्याच दिवशी विडाल टेस्ट करून घ्या. १:८० आलं तर टायफॉइडची सुरुवात, १:१६० म्हणजे वाढलाय, १:३२० म्हणजे गंभीर. विडालवर विश्वास नसेल तर टायफी-डॉट करा, ती शंभर टक्के खरी. डॉक्टर ब्लड कल्चर सांगतात ते बिल फुगवायला. त्याला पाच दिवस लागतात आणि शेवटी ते निगेटिव्हच येतं. गोळ्या संपल्या की पुन्हा विडाल करा, निगेटिव्ह येईपर्यंत औषध सोडू नका. आणि मुलांना टायफॉइडची लस देऊ नका, लसीने विडाल कायमची पॉझिटिव्ह होते. खाली 'जनहितार्थ' असतंच.

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये काम करते, विडालचे रिपोर्ट माझ्या सहीने बाहेर जातात. तेव्हा एकेक मुद्दा घेते.

दुसऱ्या दिवशी विडाल करा

विडाल टायफॉइडचा जंतू शोधतच नाही. ती शोधते शरीराने त्या जंतूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी. १८९६ साली पॅरिसमध्ये फर्नां विडाल यांनी दाखवून दिलं की टायफॉइडच्या रुग्णाचा सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तातून वेगळा होणारा पातळ द्रव, जंतूंच्या द्रावणात घातला की जंतू एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. सव्वाशे वर्षांनंतरही तत्त्व तेच आहे. रिपोर्टवर दिसणारं 'ओ' म्हणजे जंतूच्या बाहेरच्या भिंतीविरुद्धची प्रतिपिंडं, 'एच' म्हणजे त्याच्या शेपटीसारख्या तंतूंविरुद्धची. 'एएच' आणि 'बीएच' पॅराटायफॉइडसाठी, म्हणजे टायफॉइडच्याच भावकीतल्या तापासाठी.

ही प्रतिपिंडं तयार व्हायला वेळ लागतो. ओ साधारण सहाव्या ते आठव्या दिवशी दिसू लागतात, एच दहाव्या-बाराव्या दिवसाच्या सुमारास. मग दुसऱ्या दिवशी आलेला पॉझिटिव्ह रिपोर्ट कशाचा? बहुतेक वेळा जुन्या कुठल्यातरी संसर्गाचा. आणि निगेटिव्ह आला तर त्यालाही काही अर्थ नाही, कारण शरीराने अजून कामाला सुरुवातच केलेली नसते. डेंग्यूच्या एनएस-वन चाचणीचं उलट आहे. ती विषाणूचं प्रथिनच शोधते, म्हणून पहिल्या पाच दिवसांत कामाची. लोकांच्या लेखी दोन्ही 'रक्त तपासलं' याच सदरात जातात.

१:८० सुरुवात, १:३२० गंभीर

या मुद्द्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून जरा सविस्तर.

१:८० हा आकडा आजार किती वाढला ते सांगत नाही, सीरम किती पातळ केल्यावरही गुठळी झाली एवढंच सांगतो. बहुतेक छोट्या लॅबमध्ये स्लाइडवरची पद्धत वापरतात. सीरमचा थेंब, त्यावर अँटिजेनचा, म्हणजे मारलेल्या जंतूंच्या रंगीत द्रावणाचा थेंब, काडीने मिसळायचं, मिनिटभर स्लाइड हलवायची आणि डोळ्यांनी बघायचं. नेहमीच्या किटमध्ये ८० मायक्रोलिटर सीरमला गुठळी झाली तर १:२०, चाळीसला १:४०, वीसला १:८०, दहाला १:१६० आणि पाचला १:३२० असं लिहितात. मिनिटाऐवजी तीन मिनिटं बघत बसलात तर थेंब कडेने सुकतो आणि नसलेली गुठळी दिसू लागते. एकाच सीरमवर दोन टेक्निशियनचा निकाल एका पायरीने वेगळा येणं अगदी नेहमीचं आहे. म्हणजे सोमवारचं १:८० आणि गुरुवारचं १:१६० हा 'वाढलेला टायफॉइड' नसून निव्वळ हाताचा आणि नजरेचा फरक असू शकतो. ट्यूबमध्ये ३७ अंशांवर रात्रभर ठेवून केलेली विडाल यापेक्षा भरवशाची, पण तिला वेळ आणि जागा लागते, म्हणून ती फारशी कुणी करत नाही.

दुसरी गोष्ट. आपल्याकडे टायफॉइड इतका मुरलेला आहे की ठणठणीत माणसाच्या रक्तातही थोडीफार प्रतिपिंडं सापडतात. त्यामुळे कुठल्या आकड्यापासून शंका घ्यायची हे त्या-त्या भागातल्या निरोगी लोकांच्या आकड्यांवरून ठरवावं लागतं. भारतात पुष्कळ ठिकाणी ओ १:१६० किंवा त्यापुढे असेल तरच दखल घेतात, पण तीही शंकाच, निदान नव्हे. टायफॉइडचा जंतू साल्मोनेला कुळातला, आणि त्याच्या ओ अँटिजेनचे काही भाग त्या कुळातल्या इतर जंतूंमध्येही असतात. मलेरिया, डेंग्यू, क्षयाचे काही प्रकार, यकृताचे जुनाट आजार यांतही विडाल पॉझिटिव्ह येते. पूर्वी टायफॉइड झालेल्या माणसाला भलत्याच तापात एच वर गेलेलं दिसतं.

आता एक साधा हिशेब. आकडे समजण्यापुरते, कुठल्या अभ्यासातले नाहीत. तापाचे १००० रुग्ण आले, त्यांतले ५० खरोखर टायफॉइडचे. चाचणी खऱ्या रुग्णांपैकी ७० टक्के पकडते आणि टायफॉइड नसलेल्यांपैकी ८० टक्क्यांना बरोबर 'नाही' म्हणते असं धरू. मग ५० पैकी ३५ सापडले. पण उरलेल्या ९५० पैकी १९० जणही पॉझिटिव्ह आले. एकूण २२५ पॉझिटिव्ह, त्यांत टायफॉइड ३५. बाकीच्या १९० जणांच्या हातात 'टायफॉइड निघाला' म्हणणारा कागद आहे आणि त्यांचा खरा आजार शोधायचं थांबलंय.

हे थांबणं महागात पडतं. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली होती. तो माइट नावाच्या बारीक किड्यांच्या अळ्या चावल्याने होतो, त्याला डॉक्सिसायक्लिन लागतं. टायफॉइड समजून सेफ्ट्रिॲक्झोनच्या सलाईनी लावल्या तर स्क्रब टायफसच्या जंतूला त्याने काहीच होत नाही. लेप्टो आणि मलेरियाही विडालच्या कागदाखाली असेच झाकले जातात.

या मेसेजला काय म्हणता आलं असतं तेही सांगते. सात ते दहा दिवसांच्या अंतराने दोन नमुने, एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने तपासले आणि आकडा चौपट किंवा जास्त चढला, १:४० चं १:१६० झालं, तर तो पुरावा धरता येतो. दुसरा नमुना द्यायला मात्र सहसा कुणी येत नाही. तोवर ताप तरी उतरलेला असतो, नाहीतर डॉक्टर तरी बदललेला असतो.

टायफी-डॉट शंभर टक्के

नाही. तीही प्रतिपिंडंच मोजते, फक्त जंतूच्या वेगळ्या प्रथिनाविरुद्धची. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) तिची पकड सुमारे ८४ टक्के आणि टायफॉइड नसलेल्यांना 'नाही' म्हणण्याची अचूकता सुमारे ७९ टक्के निघाली. म्हणजे टायफॉइड नसलेल्या दर पाच जणांमागे एकाला ती आजारी ठरवते.

कल्चर म्हणजे बिल फुगवणं

कट प्रॅक्टिसची, म्हणजे रुग्ण पाठवण्याबद्दल घेतल्या जाणाऱ्या कमिशनची चीड मलाही आहे. पण इथे नेम चुकला. पैसे सगळ्यात सहज सुटतात ते दर तिसऱ्या दिवशी विडाल करण्यात. कल्चर विडालपेक्षा महाग आहे, हे मात्र खरं.

त्या पैशांत मिळतं काय? कल्चरमध्ये रक्तातला जिवंत जंतू बाटलीत वाढवून प्रत्यक्ष पकडतात. त्यात साल्मोनेला टायफी आला तर टायफॉइड आहे, तिथे १:८०, १:१६० अशा आकड्यांचा घोळ नाही. आणि जंतू हाती आला की कुठलं औषध त्याच्यावर चालतं ते तपासता येतं, जे विडाल कधीच सांगू शकत नाही. एकेकाळी टायफॉइडवर सर्रास दिलं जाणारं सिप्रोफ्लॉक्सॅसिन भारतातल्या बहुतांश टायफॉइड जंतूंवर आता नीट चालत नाही. पाकिस्तानात सिंधमधल्या हैदराबादेत २०१६ पासून पसरलेला जंतू तर सेफ्ट्रिॲक्झोनलाही दाद देत नाही. तो ओळखू आला कल्चरमुळेच.

'पाच दिवस लागतात' हे अर्धंच सांगितलंय. पाच दिवस थांबतो ते निगेटिव्ह म्हणण्यासाठी. मशीनमध्ये ठेवलेल्या बाटलीत टायफॉइडचा जंतू असेल तर ती बहुधा दोन-तीन दिवसांतच इशारा देते, त्यापुढे औषधांची तपासणी व्हायला एक-दोन दिवस.

'निगेटिव्हच येतं' यात मात्र तथ्य आहे, आणि त्याचं कारण बरेचदा आपणच असतो. टायफॉइडमध्ये एका मिलिलिटर रक्तात सरासरी एखादाच जंतू असतो. म्हणून मोठ्या माणसाचं आठ-दहा मिलिलिटर रक्त लागतं. ते बघून नातेवाईक म्हणतात, एवढं रक्त कशाला? मग दोन-तीन मिलिलिटरवर तडजोड होते, आणि जंतू सिरिंजमध्ये आलाच नाही तर बाटलीत कुठून येणार? दुसरं कारण याहून मोठं. रक्त द्यायच्या आधीच मेडिकलवाल्याकडून आणलेल्या अझिथ्रोमायसिनच्या दोन गोळ्या पोटात गेलेल्या असतात. पहिल्या आठवड्यात, अँटिबायोटिक सुरू करण्याआधी, पुरेसं रक्त घेतलं तर कल्चरची कमाई सगळ्यात जास्त. तरीही ते साधारण ६० टक्के रुग्णांनाच पकडतं. म्हणून कल्चर निगेटिव्ह आलं तरी लक्षणं पटत असतील तर डॉक्टर टायफॉइडचं औषध चालू ठेवतात, आणि त्यात गैर काही नाही. अस्थिमज्जेचं कल्चर याहून सरस, पण त्यासाठी हाडात सुई घालावी लागते, ते कुणी उठसूट करत नाही.

निगेटिव्ह येईपर्यंत औषध सोडू नका

हा सल्ला सरळ धोकादायक आहे. जंतू मेले तरी प्रतिपिंडं कित्येक महिने रक्तात राहतात, एच तर आणखी जास्त. विडाल निगेटिव्ह व्हायची वाट बघत औषध घेत बसणारा माणूस विनाकारण अँटिबायोटिक खातोय, इतकंच. बरं झाल्याची खूण म्हणजे उतरलेला ताप, परत लागलेली भूक आणि डॉक्टरांनी ठरवलेला पूर्ण झालेला कोर्स. योग्य औषध सुरू झाल्यावरही ताप उतरायला चार-सहा दिवस लागतात. या मुदतीत घाबरून औषध बदलू नये. उलट अर्धवट सोडलेल्या कोर्सने ताप परत येतो, आणि उपचारच न मिळालेल्या टायफॉइडमध्ये तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला आतड्याला भोक पडू शकतं.

काही थोड्या लोकांच्या पित्ताशयात जंतू मुक्काम ठोकतो आणि शौचावाटे बाहेर पडत राहतो. ते तपासायचं असेल तर शौचाचं कल्चर करतात, तेही एकदा करून भागत नाही. त्यासाठी विडालचा उपयोग नाही.

लसीने विडाल पॉझिटिव्ह होते

ही भीती जुन्या टीएबी लसीच्या काळातली आहे. त्या लसीत मारलेले अख्खे जंतू असत, त्यामुळे ओ आणि एच दोन्ही चढत. आजची टायफॉइड कॉन्जुगेट लस वेगळी. तिच्यात जंतूच्या बाहेरच्या 'व्हीआय' आवरणातली साखर धनुर्वाताच्या टॉक्सॉइडसारख्या प्रथिनाला जोडलेली असते. विडाल जंतूच्या ज्या ओ आणि एच भागांविरुद्धची प्रतिपिंडं मोजते, त्यांपैकी एकही भाग या लसीत मुद्दाम घातलेला नसतो.

नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये नऊ महिने ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी हीच लस मोहीम म्हणून राबवली. सार्वजनिक आरोग्य कार्यक्रमात ती वापरण्याची जगातली ती पहिली वेळ. पहिल्या टप्प्यात एक लाखाहून जास्त मुलांना टोचली. अशा मुलाला ताप आला आणि विडाल पॉझिटिव्ह दिसली तर 'लसीमुळे असेल' म्हणून सोडून देऊ नका. आणि 'लस झालीय म्हणजे टायफॉइड नाहीच' असंही धरू नका. लस पूर्ण कवच देत नाही, शिवाय पॅराटायफॉइड ए च्या जंतूला व्हीआय आवरणच नसतं, त्याच्यावर ती चालत नाही. ताप चार दिवसांपुढे गेला तर गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांना कल्चरचं विचारा, आणि नर्सने दहा मिलिलिटरची सिरिंज काढली तर हुज्जत घालू नका.