कुरडयांचा राखणदार

मान उन्हानं भाजली आहे, बोटांना चिकाचा आंबूस वास येतोय, आणि फोटो एकही नाही.

'वाईचं रोजचं जगणं' अशी ५२ फोटोंची योजना मी पुण्यात पंख्याखाली बसून आखली होती. आठवड्याला एक. एक्सेलमध्ये, रंगीत रकाने पाडून. अट एकच: ढोल्या गणपती आणि मेणवलीचा घाट वर्ज्य. सरदार रास्त्यांनी १७६२ साली बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत पुराचं पाणी फुटावं म्हणून माशासारखी निमुळती केलेली आहे. पाणी फुटतं, फोटोवाल्यांचा लोंढा काही फुटत नाही.

रकाना पहिला, वाळवण. मधल्या आळीत एका अंगणात जुन्या धोतरावर कुरडया, कडेला काळं फडकं बांधलेली काठी घेऊन आजी. कॅमेरा डोळ्याला लावला, तोच:

"घरपट्टीचं मोजाय आलात?"

"नाही आजी, फोटो काढतोय. कुरडयांचा. आणि तुमचा."

"ह्या अवतारात? थांबा. ही काठी धरा. कावळा बसला तर बघा."

पाऊण तास मी कावळे हाकले. दोनदा मांजर. रस्त्यानं जाणारा एक जण थांबून म्हणाला, "काय रोज पडतो?" तिकडे मेणवलीच्या घाटावर, वसईच्या स्वारीतून आणलेल्या १७०७ सालच्या घंटेकडे पाठ करून प्री-वेडिंगवाली जोडपी रंगीत धूर सोडतात. त्यांना कुणी घरपट्टीचं विचारत नाही. मी मात्र संशयित. बरं, सावकाश करावं तर तेही नाही. नवव्या रकान्यातल्या पिठाच्या गिरणीत मी पोचायच्या आत मोबाईलचं दुकान निघालं. कव्हर, ग्लास, रिचार्ज. आता काढा रोजचं जगणं!

आजी आल्या त्या हिरवी नऊवारी, नथ आणि कानापर्यंत पावडर लावून. मागून लेक प्लॅस्टिकची खुर्ची आणि मोराची चादर घेऊन.

"ते वाळवण उचल आधी. मागं पसारा दिसतो."

"अहो, मला तोच पसारा..."

"पासपोर्टचे सहा द्या. कान दिसायला पाहिजेत."

"आजी, मी त्यातला नाही हो."

"मग एवढा कॅमेरा कशाला घेतलाय?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एक्सेलमध्येही नव्हतं.

"कुठले पाव्हणे?"

"पाव्हणा कसला, इथलाच. गंगापुरीतला."

"असं? कधी दिसला नाहीत ते."

सतरा वर्षं मी पुण्यात आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तरी बरोबर तिथंच बोट ठेवलं. मला खरं तर रागच आला. ज्या गावात माझे गुडघे फुटले, तिथं मी पाव्हणा, आणि काढायचं काय, तर ह्यांचं रोजचं जगणं.

लेकानं धोतराची चारी टोकं धरली. आजींनी नथ सावरत कुरडया मोजल्या, मग पुन्हा मोजल्या.

"एक कमी आहे."

"कावळा," मी म्हणालो, आणि हात पाठीमागे घेतला.