अन्न इल्लेन?

परवा शनिवारी माझ्या घरी एक मुलगी जेवायला येणार होती आणि ती कार्ब्स खात नव्हती. एवढं सांगितलं की बाकीचं तुम्हीच समजून घ्या. हॉटेलात का नेलं नाही विचाराल तर दोन कारणं, एक म्हणजे महिन्याची पंचवीस तारीख आणि दुसरं म्हणजे बेळगावात कुठल्याही हॉटेलात बसा, तिसऱ्या टेबलावर आपल्या आतेभावाचा मित्र दोसा खात बसलेला असतोच.

मी मूळचा खानापूरचा, टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. खाली घरमालकीण काकू. घर देतानाच काकूनं सांगून ठेवलंय, अंडं, मटण, मासं वर न्यायचं नाही, वास जिन्यातनं खाली येतो. आता मला सांगा, लो कार्ब जेवण, तेही अंडं न घालता, तेही स्वस्तात, करायचं कशाचं? इंटरनेटवर बघावं तर बदामाचं पीठ घ्या, अव्होकॅडो घ्या, म्हणजे भाकरी सोडायची तर आधी कर्ज काढायचं. गरिबानं बारीक व्हायचंच नाही असं ठरलेलं दिसतंय. शेवटी मीच डोकं चालवलं. फ्लॉवरचा गड्डा 40, पनीर पाव किलोला थोडं कमी 95, मेथीच्या दोन पेंढ्या 30, शेंगदाणे 40, काकडी, दही, कोथिंबीर धरून 270 रुपयांत सगळं बसवलं. मेथी-पनीर, काकडीची कोशिंबीर दाण्याचं कूट लावून, ताक, आणि भाताच्या जागी फ्लॉवरचा भात. वाटीभर शिजलेल्या भातात चाळीसेक ग्रॅम कार्ब्स असतात, तेवढ्याच फ्लॉवरमध्ये सात-आठ. हा आकडा मी पाठ करून ठेवलेला, जेवताना सहज टाकायला.

फ्लॉवरच्या भातात एकच गोम आहे. किसणीवर किसायचा, मोठ्या आचेवर पसरट कढईत परतायचा, झाकण ठेवायचं नाही आणि मीठ अगदी उतरवताना घालायचं, नाहीतर पाणी सुटतं आणि दाणा मोडतो. मी तसंच करत होतो. दाणा सुटा, पांढरा, वर जिरं तडतडलेलं, लांबनं बघितलं तर कुणीही फसावं. तेवढ्यात काकू आली. विरजणाला दही मागायला.

"काय करालास रे?"

म्हटलं, भात.

काकूनं कढईत वाकून बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मग चमच्यानं थोडं उचलून तळहातावर घेतलं आणि खिडकीजवळ उजेडात नेऊन बघितलं, सोनार बघतो तसं.

"ह्याला काय झालंय?"

"काय झालं नाही काकू, फ्लॉवर आहे."

"फ्लॉवर दिसतोय की. भात कुठाय?"

"हाच भात."

काकू खुर्चीवर बसली. बसली म्हणजे संपलं. काकूचं सासर वडगावचं, शिवारात एकेकाळी बासमती पिकायचा, दारावरनं गेलं तरी वास यायचा असं ती दर आठवड्याला एकदा तरी सांगते. त्यातली काही जमीन आता बायपासच्या वादात अडकलीय आणि तो विषय निघाला की काकूचा आवाज बदलतो, त्यामुळं भातावरनं तिची मस्करी करायचं धाडस मी कधी केलेलं नाही. काकू म्हणाली, "घरात बाईमाणूस जेवायला यायचंय आणि तू तिला जनावराचं घालालास?" म्हटलं, तिलाच भात नको आहे, कार्ब्स नको आहेत. "म्हणजे काय नको?" म्हटलं, साखर, म्हणजे भातात पण साखर असते. काकू म्हणाली, "माझ्या भातात न्हाई." ह्यावर काय बोलणार?

मग मी ताटल्या पुसायला बाहेर गेलो. दोन मिनिटं. परत येऊन बघतो तर कढईवर झाकण. आणि मीठ घातलेलं. आणि मेथी-पनीरमध्ये गुळाचा खडा, "कडू लागालती म्हणून." झाकण काढलं तर आत पांढरा चिखल. लहान बाळाला भरवतात तसलं गिचगिचीत काहीतरी. "मुरायला नको?" असं काकू म्हणाली. मी काही बोललो नाही कारण घराचं डिपॉझिट तिच्याकडं आहे. पण राग आला, अजून आहे, खोटं कशाला सांगू. तीन वाजल्यापासनं किसत होतो, बोटाचं कातडंसुद्धा त्यात गेलंय.

बेल वाजली आणि दार काकूनंच उघडलं.

ती बैलहोंगलची. पत्ता पाठवताना मी बेळगाव लिहिलं होतं, तिनं उत्तरात बेळगावी लिहिलं, 2014 पासनं बोर्डावर तसंच आहे म्हणा, पण तेवढ्यानं माझ्या पोटात उगीच कालवाकालव झालेली. ती आणि मी एकमेकांशी निम्मं हिंदी निम्मं इंग्लिश असं बोलतो, मधेच ती मराठीचं एखादं वाक्य टाकते, क्रियापद चुकतं, छान वाटतं. काकूनं तिच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "बर्री, बर्री, कूड्री." या, या, बसा. चक्क कन्नडमध्ये.

मला दोन वर्षांत माहीत नव्हतं. काकूचं माहेर हुक्केरीचं.

पुढचा अर्धा तास माझ्या घरात, माझ्या डेटवर, कन्नड सुरू होतं. मला कन्नड येत नाही असं नाही, शाळेत होतं, पास होण्यापुरतं केलं, पण ते वहीतलं कन्नड. ह्या दोघींचं म्हणजे पावसाळ्यातली मलप्रभा नदी. मधूनमधून एखादा शब्द हाताला लागायचा. "हूकोसु" कळलं, म्हणजे फ्लॉवर. मग दोघी कढईकडं बघायच्या. मग "पाप" असं म्हणून दोघी माझ्याकडं बघायच्या. मराठीत पाप म्हणाली असती तरी परवडलं असतं, निदान काहीतरी केल्यासारखं वाटलं असतं. कन्नडमध्ये पाप म्हणजे बिचारा.

आणि मग काकूनं विचारलं, "अन्न इल्लेन?"

हा शब्द मला चांगला माहीत आहे. आपल्याकडं अन्न म्हणजे सगळंच जेवण, कन्नडमध्ये अन्न म्हणजे शिजवलेला भात. भात नाही का, एवढंच विचारलं तिनं. पण 270 रुपयांचा स्वयंपाक समोर मांडून उभ्या असलेल्या माणसाला ते कसं ऐकू येतं बघा. ती हसली, मान हलवली, "इल्ल." काकू उठली, जिना उतरली, आणि पाच मिनिटांत भाताचं पातेलं, मसुरीची आमटी आणि वर वाटीभर कुंदा, आपली बेळगावची दुधाची मिठाई, घेऊन आली.

मला वाटलं आता ती सांगेल, मी खात नाही म्हणून. नाही. तिनं ताट पुढं केलं. "इन्नू स्वल्प," काकू म्हणाली, अजून थोडा. तिनं तोही घेतला. तिसऱ्यांदा वाढताना "साकु", पुरे, म्हणाली पण हात आडवा घातला नाही. कुंदा दोनदा घेतला. मी चाळीस ग्रॅमचा आकडा घेऊन तसाच बसलो होतो, म्हटलं, कार्ब्स? तर म्हणते, "आज चीट डे." अगं मग आधी सांगायचं की! मीही कुकरच लावला असता, शिट्या मोजता येतात मला. फ्लॉवर तिनं चमचाभर घेतला, चांगला आहे म्हणाली, बाजूला सरकवला. मेथी-पनीर मात्र संपलं. गुळामुळं.

काकू शेवटपर्यंत बसली. दही न्यायचं विसरली, ते आठवल्यावर परत आली.

आज सोमवार. फ्लॉवर मी काल दोन्ही वेळा खाल्ला, आज डब्यात तोच आहे, ऑफिसात कुणीतरी विचारलं पोट बिघडलंय का. सकाळी तिचा मेसेज आलाय. लांबलचक, पहिल्यांदाच कन्नडमध्ये. मी अक्षरं जुळवून बघितली, "अन्न" लागलं, एका ठिकाणी "काकू" लागलं, आणि खाली "पाप" आहे की दुसरं काही ते जोडाक्षरामुळं कळेना. वाचून घ्यायचं तर ह्या वाड्यात कन्नड येणारं एकच माणूस आहे, आणि ते आत्ता खाली पायरीवर तांदूळ निवडत बसलंय.